भाषांतर स्वस्त झालं, स्थलांतर नाही

कोबोल या संगणकभाषेची समाधी ती धड जन्मायच्या आधीच तयार होती. १९६० साली भाषेचा आराखडा ठरवणारी समिती रेंगाळत होती. त्याला वैतागून आरसीए कंपनीच्या हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी थडग्याचा खराखुरा दगड विकत घेतला, त्यावर ‘कोबोल’ असं कोरून घेतलं आणि तो पेंटॅगॉनमध्ये समितीप्रमुख चार्ल्स फिलिप्स यांच्याकडे पाठवून दिला. तो दगड आज कॅलिफोर्नियातल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. त्यानंतर दर दशकात कुणी ना कुणी कोबोलचं तेरावं घालत आलं आहे. फोर्थ जनरेशन भाषा आल्या तेव्हा, केस टूल्स आली तेव्हा, जावा आली तेव्हा. यंदाच्या तेराव्याचं यजमानपद एआयकडे आहे.

दावा साधारण असा मांडला जातो. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांचा कारभार चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या कोडवर चालतो. तो समजणारी माणसं निवृत्त होत आहेत. लाखो ओळी हातानं पुन्हा लिहिणं आजवर परवडत नव्हतं. आता मॉडेल त्या ओळी वाचतं, त्यांचा अर्थ सांगतं आणि जावात लिहूनही देतं. म्हणून जुन्या सिस्टिमचा प्रश्न सुटला, आणि ती सांभाळणाऱ्या माणसांचा खर्चही.

‘म्हणून’च्या आधीचं सगळं मला मान्य आहे. मॉडेलं कोड खरंच वाचतात. कुणी कधी डॉक्युमेंटेशन न लिहिलेला आठ हजार ओळींचा प्रोग्रॅम दिला, तर कुठला पॅराग्राफ कुठून बोलावला जातो आणि कुठली कॉपीबुक कुठे वापरली आहे याचं बऱ्यापैकी टिपण ती काही मिनिटांत काढून देतात. हे काम ज्यानं रात्री दोन वाजता, जॉब अबेंड झालेला (म्हणजे मध्येच कोसळलेला) असताना, फोनवर क्लायंट ताटकळत असताना केलं आहे, तो या साधनांची चेष्टा करणार नाही. माझं भांडण त्या ‘म्हणून’शी आहे. त्यात एक गृहीत लपलं आहे: जुनी सिस्टिम बदलण्यातला महागडा भाग म्हणजे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कोड लिहिणं. तसं असतं तर हा प्रश्न केव्हाच मिटला असता.

कारण कोड यंत्रानं बदलणं ही नवी गोष्ट नाही. पुण्यात १९८१ साली टीसीएसनं टीआरडीडीसी ही संशोधन संस्था काढली. प्रोग्रॅमचं विश्लेषण आणि रूपांतर करणारी साधनं बनवण्यावर तिथं वर्षानुवर्षं काम झालं, तेही भाषिक मॉडेलांचा मागमूस नसताना. न्यूयॉर्क टाइम्सचं उदाहरण तर अगदी नेमकं आहे. घरोघरी पेपर पोचवणं, वर्गणी, बिलं हा त्यांचा सारा व्यवहार मेनफ्रेमवरच्या कोबोलमध्ये होता. २००६ ते २००९ या काळात तो हातानं नव्यानं लिहायचा प्रयत्न फसला. पुढे नियमांवर चालणाऱ्या साधनांनी तोच कोड आपोआप जावात बदलला आणि २०१७ साली नवी सिस्टिम चालू झाली. कोड यंत्रानंच बदलला होता, तरी वेळेचा सर्वात मोठा घास टेस्टिंगनं घेतला. म्हणजे एआयनं जो खर्च शून्यावर आणल्याची दवंडी पिटली जाते, तो इथं जवळपास दहा वर्षांपूर्वीच बराच खाली आला होता. उरलेला खर्च मात्र जागचा हलला नाही.

तो उरलेला खर्च कशाचा, हे कोबोलच्या बारीकसारीक सवयी पाहिल्याशिवाय कळत नाही. स्लाइड्समध्ये त्या कधीच नसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आयबीएमच्या मेनफ्रेमवर अक्षरांची सांकेतिक लिपी आहे एब्सिडिक. तिच्या क्रमवारीत आधी लहान इंग्रजी अक्षरं येतात, मग मोठी आणि शेवटी आकडे. आस्कीत, आणि पर्यायानं युनिकोडमध्ये, नेमकं उलटं: आधी आकडे, मग मोठी अक्षरं, मग लहान. आता दोन फाइली खाते क्रमांकानुसार सॉर्ट करून, एकीतली नोंद दुसरीशी जुळवत पुढे सरकणारा रात्रीचा बॅच प्रोग्रॅम घ्या. मेनफ्रेमच्या जगात असे प्रोग्रॅम पोत्यानं आहेत. खाते क्रमांकात अक्षरं आणि आकडे दोन्ही असतील, एक फाइल जुन्या क्रमानं आणि दुसरी नव्या क्रमानं आली, तर हा प्रोग्रॅम कोसळत नाही. तो नोंदी ‘जुळल्या नाहीत’ म्हणून बाजूला टाकतो आणि शांतपणे संपतो. सकाळी रिपोर्ट हिरवा. त्यात किती खात्यांवर व्याज चढलं नाही, हे तिमाही संपल्यावर कळणार.

आकडेमोडीचं तेच. कोबोलमध्ये ‘राउंडेड’ हा शब्द लिहिला नसेल तर उत्तरातले जादाचे दशांश सरळ कापले जातात. चार आकडी जागेत १२३४५ ठेवलं, तर भाषा तक्रार न करता डावीकडचा १ टाकून २३४५ ठेवते. एखाद्या प्रोग्रॅमनं याच सवयीच्या भरवशावर क्रमांकांचं चक्र चालवलेलं असू शकतं: ९९९९ झाले की पुन्हा शून्य. जावातला साधा पूर्णांक असा कापला जात नाही, आणि साधी दशांश संख्या वापरली तर ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. हे मॉडेलांना माहीत आहे, मान्य. विचारलंत तर त्यावर सुरेख परिच्छेदही लिहून देतील. पण मोठ्या गणिताच्या मधल्या पायऱ्यांमध्ये किती अंक राखायचे, हे काही अंशी कंपाइल करतानाच्या सेटिंगवर ठरतं, आणि ते सेटिंग बहुतेकदा सोर्सबाहेर, जॉब चालवणाऱ्या जेसीएल स्क्रिप्टमध्ये असतं. सोर्स कितीही लक्ष देऊन वाचला तरी ते तिथं सापडणार नाही.

इथपर्यंतच्या अडचणी चिकाटीनं सुटतील, याद्या करून तपासता येतील. खरा पेच पुढचा आहे. समजा, कापाकापीत दर महिन्याला काही खात्यांचा एक सेंट जातो हे सापडलं. नवीन सिस्टिमनं तो कापावा की द्यावा? कापला तर चूक जाणूनबुजून पुढे चालू ठेवली. दिला तर जुने आणि नवे हिशेब जुळणार नाहीत, ऑडिटर विचारणार आणि मागच्या वीस वर्षांचं काय हा प्रश्न उभा राहणार. हा निर्णय बँकेच्या कायदा विभागाचा आहे, वित्त विभागाचा आहे, कदाचित नियामकाचाही आहे. मॉडेल इथं काय ‘माइग्रेट’ करणार? आणि न विचारता त्यानं स्वतःच्या समजुतीनं कोड ‘सुधारला’, तर निर्णय घेतला गेला हेच कुणाला कळणार नाही.

मराठी छापखान्यांनी आणि संपादकांनी या धंद्याची छोटी आवृत्ती अनुभवली आहे. श्रीलिपी, आकृती, आयएसएमच्या फाँटांमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर गेली कित्येक वर्षं वापरात आहेत. नव्वद-पंच्याण्णव टक्के मजकूर चुटकीसरशी जातो. मग ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, एखादी वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते, रफार शेजारच्या घरी जातो. पण तिथं मुद्रितशोधक बसलेला असतो, आणि मराठी वाचणाऱ्या कुणाच्याही डोळ्यांना ती चूक खुपते. बँकेच्या हिशेबातल्या १,४१२.०६ या आकड्याकडे बघून तो १,४१२.०७ असायला हवा होता, हे सांगणारा मुद्रितशोधक कुठून आणायचा? चूक आणि बरोबर दिसायला सारखेच. म्हणून तिथं दोन्ही सिस्टिम शेजारी-शेजारी चालवाव्या लागतात. महिनाअखेर, तिमाही, वर्षअखेर, लीप वर्ष, सगळं पार पडेपर्यंत. पॅरलल रनमध्ये एक पूर्ण वर्षअखेर हवी असेल, तर कोड एका दुपारी लिहून झाला म्हणून ३१ डिसेंबर लवकर येत नाही.

कोड वाचला की कारभार कळला, हा दुसरा गैरसमज. त्याचं ताजं प्रदर्शन अमेरिकेनं घडवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी जाहीर केलं की सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी पेन्शनच्या) यादीत दीडशे वर्षं वयाची माणसं आहेत. यादीत मृत्यूची तारीख नसलेल्या अतिवृद्धांच्या नोंदी होत्या, हे खरं. खात्याच्याच महानिरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात १९२० किंवा त्याआधी जन्मलेल्या आणि मृत्यूची नोंद नसलेल्या अशा १ कोटी ८९ लाख नोंदी मोजल्या होत्या. पण त्याच अहवालात हेही होतं की त्यातल्या जवळपास कुणालाच पैसे जात नव्हते. जुन्या नोंदी दुरुस्त करायला लाखो डॉलर लागले असते आणि पदरात फारसं काही पडलं नसतं, म्हणून खात्यानं त्या तशाच ठेवल्या. शिवाय ११५ वर्षं वय झालं की पैसे आपोआप थांबवण्याची व्यवस्था २०१५ पासून आहे. एका तक्त्यातला रिकामा रकाना, त्याला निष्प्रभ करणारा दुसरीकडचा नियम आणि दोन्ही का आहेत हे सांगणारा अहवाल, अशा तीन ठिकाणी एक अर्थ विखुरला होता. तक्ता वाचणाऱ्यांनी फक्त तक्ता वाचला. (मस्क यांना हसणाऱ्यांचीही गंमतच. ‘कोबोलमध्ये तारीख नसली की १८७५ धरतात’ हे स्पष्टीकरण त्यांनी जगभर फिरवलं. कोबोलमध्ये अशी कुठलीही ठरलेली तारीख नाही. ठाम अज्ञान दोन्ही बाजूंना पुरून उरेल एवढं होतं.) पुढच्याच महिन्यात ‘वायर्ड’नं बातमी दिली की मस्क यांच्याच मंडळींचा त्या खात्यातलं कोबोल काही महिन्यांत हद्दपार करायचा बेत आहे.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ साली एका निबंधात मांडलं होतं की प्रोग्रॅम म्हणजे निव्वळ त्याचा मजकूर नसतो. जगातली कुठली गोष्ट प्रोग्रॅममध्ये कशी आली आणि का आली याची जाण तो बनवणाऱ्यांच्या डोक्यात असते. ती माणसं पांगली की मजकूर उरतो, जाण उरत नाही. निबंध भारतातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये फारसा वाचला जात नाही. पण ‘केटी’ (नॉलेज ट्रान्सफर) नावाच्या विधीला बसलेल्या प्रत्येकाला त्याचा आशय ठाऊक आहे. जाणारा माणूस दोन आठवडे बोलत राहतो, येणारा रेकॉर्डिंग करत राहतो, आणि तिसऱ्या आठवड्यात पहिला अबेंड आला की जाणाऱ्यालाच फोन लागतो.

याला पुणे-मुंबईचा धागा वायटूकेपासूनचा आहे. १९९८-९९ मध्ये परदेशी बँकांच्या कोबोलमध्ये दोन आकडी वर्षांची डागडुजी ज्यांनी केली, त्यांत इथली पोरं-पोरी मोठ्या संख्येनं होत्या. प्रत्येक ठिकाणी वर्षाची जागा चार आकडी करायला वेळ नव्हता. म्हणून अनेकदा खिडकी बसवली गेली: वर्ष अमुक आकड्याच्या खाली असेल तर २००० नंतरचं, वर असेल तर १९०० नंतरचं. समजा एका प्रोग्रॅममध्ये तो आकडा ४० आहे आणि त्याच्याकडून फाइल घेणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ५०. मॉडेल दोन्ही ओळी अचूक वाचेल, दोन्हींचं जावा लिहील. ४० का, याचं उत्तर तेव्हाच्या एखाद्या ईमेलमध्ये होतं, किंवा आता निवृत्तीला आलेल्या एखाद्या टीम लीडच्या आठवणीत आहे. त्याला विचारलं तर तो कदाचित सांगेल की तिथं कर्जाची मुदत तीस वर्षांच्या वर जातच नव्हती. आता जाते.

दावा करणाऱ्यांचे पुरावे कच्चे नाहीत, तेव्हा त्यांना बगल देऊन चालणार नाही. अमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं की जावाच्या जुन्या आवृत्त्यांवरचे प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर नेताना त्यांच्या एआय साधनानं ४,५०० डेव्हलपर-वर्षांचं काम वाचवलं. एका प्रोग्रॅमला जिथं सरासरी ५० दिवस लागत, तिथं काही तास पुरले. एअरबीएनबीनं २०२५ च्या मार्चमध्ये लिहिलं की सुमारे साडेतीन हजार टेस्ट फाइली एका टेस्टिंग लायब्ररीतून दुसरीत न्यायला दीड वर्षाचा अंदाज होता, ते काम मॉडेलांच्या मदतीनं सहा आठवड्यांत झालं. आकडे कंपन्यांचे स्वतःचे आहेत, तरी मी ते खरे धरतो.

पण ही कामं कसली आहेत ते बघा. पहिल्यात भाषा तीच, कंपनी तीच, प्रोग्रॅम लिहिणारी टीम त्याच इमारतीत, आणि चुकलं की कंपाइलर लगेच ओरडतो. दुसऱ्यात तर बदलायची वस्तूच टेस्ट आहे. ती पास होते किंवा होत नाही, तिसरी शक्यता फारशी नाही. नापास झाली की मॉडेलला पुन्हा करायला सांगा, पास होईपर्यंत. योग्य उत्तर काय हे सांगणारा खांब जिथं आधीच रोवलेला आहे, तिथं एआय धडाडीनं काम करतं. मायकेल फेदर्स यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात लेगसी कोडची व्याख्याच ‘टेस्ट नसलेला कोड’ अशी केली आहे. म्हणजे ज्या गोष्टीमुळे ही उदाहरणं यशस्वी झाली, नेमकी तीच गोष्ट बँकेच्या तळघरात नाही.

यावर उत्तर तयार असतं: मग टेस्टही एआयकडूनच लिहून घ्या. जुना कोड वाचून मॉडेलनं टेस्ट लिहिली, तर ती एवढंच सिद्ध करते की कोड जे करतो ते तो करतो. जुन्याशी तुलना करायला ती उपयोगी आहे, जरूर लिहून घ्यावी. पण जुना कोड, त्याचा अर्थ, नवा कोड आणि नव्या कोडची परीक्षा या चारही गोष्टी एकाच वाचकाच्या हातातून गेल्या, तर पहिल्या वाचनातला गैरसमज चौथ्या पायरीला शंभरपैकी शंभर गुण घेऊन बाहेर पडेल. खऱ्या व्यवहारांचा डेटा घेऊन, जुन्या मशीनवरचं उत्तर आणि नव्या मशीनवरचं उत्तर शेजारी ठेवून, फरकाच्या प्रत्येक ओळीवर ‘हे असं का’ विचारणारा माणूस लागतोच. आणि ज्याला विचारायचं तोही.

आता टीएसबी. ब्रिटनमधल्या या बँकेनं एप्रिल २०१८ च्या एका शनिवार-रविवारी पन्नास लाखांवर ग्राहक लॉइड्सच्या जुन्या सिस्टिमवरून मालक बँक साबादेलच्या नव्या प्लॅटफॉर्मवर नेले. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. सगळं पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला, प्रमुखांना सप्टेंबरमध्येच पायउतार व्हावं लागलं होतं. या प्रकरणात एआय नव्हतं, मग इथं कशाला? तर नियामकांचा निष्कर्ष असा होता की डेटा नीट स्थलांतरित झाला होता, प्लॅटफॉर्म मात्र लगेच कोलमडला. ‘इकडून तिकडे’ हा भाग यशस्वी. पडलं ते बाकीचं. चौकशीत निघालं की दोन डेटा सेंटर असताना लोडची चाचणी एकाच ठिकाणी झाली होती, आणि पुरवठादाराच्या ‘आम्ही तयार आहोत’ अशा आशयाच्या पत्रावर बँकेनं पुरेशी विचारपूस न करता विश्वास टाकला होता. २०२२ च्या डिसेंबरमध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. पुढच्या वर्षी तिच्या तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही व्यक्तिशः ८१,६२० पौंड भरावे लागले. कोड लिहायचा वेग दहापट असता, तर या यादीतली कुठली गोष्ट टळली असती? उलट ती तारीख आणखी अलीकडे ओढण्याचा दबाव वाढला असता.

जुनं आहे ते तसंच राहू द्या, असं म्हणणाऱ्यांच्या गोटातला मी नाही. माणसं संपत चालली आहेत आणि मेनफ्रेमचं भाडं वाढतं आहे, हे खरं आहे. ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेनं आपली मुख्य सिस्टिम बदलून दाखवली. पाच वर्षं आणि सुमारे १ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर लागले, पण बदलली. त्या पाच वर्षांतलं काहीतरी एआय आज नक्की वाचवेल. कोड समजून घ्यायचे महिने, मृत कोड ओळखायचे महिने, तुलनेसाठीची साधनं लिहायचे महिने. हा फायदा थोडका नाही. माझा राग त्या फायद्याची किंमत आधी कापून घेण्यावर आहे.

कारण हिंजवडीत किंवा खराडीत हा दावा टेबलावर येतो तो तंत्रज्ञान म्हणून नाही, दर म्हणून. क्लायंट म्हणतो, एआय आहे, तेव्हा चाळीस टक्के कमी करा. सेल्सवाले आत जाऊन चाळीस टक्के कमी करतात. मग टीममधून सर्वात महाग माणूस पहिला जातो, आणि सर्वात महाग माणूस बहुधा तोच असतो ज्याला ४० का ते माहीत आहे. त्याच्या जागी दोन वर्षं अनुभवाची मुलं, प्रत्येकाकडे एक असिस्टंट. मॉडेलनं सांगितलेला अर्थ बरोबर की चूक, हे ओळखू शकणारा माणूसच मॉडेल आलं म्हणून घरी गेला. ज्यांना हे गणित कार्यक्षमतेचं वाटतं त्यांनी निदान क्रम तरी उलटा करावा. निवृत्तीला आलेल्या माणसाला वर्षभर जास्त ठेवा, मॉडेलनं काढलेलं प्रत्येक टिपण त्याच्यासमोर ठेवा, तो खोडेल ते खोडू द्या. टेंडरमध्ये रूपांतराचा दर आणि फरक सोडवण्याचा दर वेगवेगळे मागा. पहिला जवळजवळ फुकट दिला तरी चालेल. दुसऱ्याला किती माणसं, किती महिने आणि वर्षअखेरीला न जुळलेल्या नोंदींवर सही कुणाची, हे पुरवठादारानं नावानिशी लिहून द्यायला हवं. ज्याला ते लिहून देता येत नाही, त्याची सहा आठवड्यांची स्लाइड बघायची गरज नाही.